अंगाला सैल

"वा बाई, चांगल्याच उतरलात की," तो नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला आणि टेप बाईंच्या कमरेभोवती तशीच धरून आरशात पाहून हसला. हसायची जागा ठरलेली होती. गिऱ्हाईक आरशातून आपल्याकडे बघत असतं तेव्हाच हसायचं. समोरासमोर हसलं तर चहाटळपणा दिसतो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आरशातल्या स्वतःकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "हे चांगलं उतरणं नाही, मास्तर. आजारी आहे मी." त्याच्या हातातली टेप सुटली. बाईंनीच वाकून ती उचलून दिली, वर त्यालाच धीर द्यावा तसं म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत असणार! कोट तेवढा आत घ्या, खांद्यातून लोंबतो." आणि पडदा सारून त्या गेल्या. एवढंच झालं. दुकानाच्या काचेतून त्या रस्ता ओलांडताना दिसल्या, दोन्ही बाजू नीट बघून, घाई न करता. कोट त्याच्याकडेच राहिला होता.

चूक म्हणावी तर चूक नव्हती. धंद्याची रीतच तशी होती, आणि ती त्याला त्याच्या उस्तादाने शिकवली होती, कात्री धरायला शिकवायच्याही आधी. वाढलेल्याला वाढलास म्हणायचं नाही. कापड आटलं म्हणायचं, धुणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची, आणि गुपचूप शिवण उसवून आतलं कापड बाहेर काढायचं. पण जो कमी झालाय त्याला मात्र चारचौघांत ऐकू जाईल असं सांगायचं. माणूस कपडा घालून बघायला येतच नाही, उस्ताद म्हणायचा, तो चार शब्द ऐकायला येतो, आणि ते फुकट असतात, मग कंजूषपणा कशाला. इतकी वर्षं तो हे करत आला होता. शेजारच्या लाँड्रीवाल्याच्या नावावर त्याने अर्ध्या गावाची पोटं खपवली होती. लाँड्रीवाल्याला ते माहीत होतं. तो अधूनमधून दारात येऊन विचारायचा, "काय मास्तर, आज माझ्या पाण्याने कोणाची कंबर वाढवली?" दुकान जिन्याखालचं, दोन मशिनी, एक आरसा, एक पडदा, आणि एवढा एक विनोद, त्यावर दोघांचे दिवस बरे जात होते.

त्याने कोट टेबलावर उलटा पसरला आणि बगलेखालची शिवण उसवायला घेतली. उसवायच्या कामात हात लागतात, डोकं लागत नाही. डोकं मोकळं राहिलं की नको तिथे जातं. आत्ता ते सरळ घरी गेलं, गेल्या रविवारी, पुढच्या खोलीतल्या स्टुलावर. स्टुलावर त्याची मुलगी उभी होती, हात आडवे पसरून. तिला घरात काडी म्हणत. लहानपणी ती होतीच तशी, वारा आला तर उडेल अशी. मधली दोन वर्षं ते नाव कोणीच उच्चारलं नव्हतं. मुद्दाम ठरवून नव्हे. ते आपोआप जिभेवरून गेलं, आणि ते गेल्याचं कोणी कोणाला बोलून दाखवलं नाही. गेल्या काही रविवारी मात्र ते परत आलं होतं. तो टेप लावायचा, आकडा वाचायचा आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडायचा, "अगं बाहेर ये, काडीची काडी होत चालली बघ परत." मग बायको हात पुसत यायची, तीही टेपवरचा आकडा वाकून बघायची, आणि मुलगी मान खाली घालून हसायची. तो लगेच मशिनीवर बसून शाळेचा स्कर्ट अजून थोडा आत घ्यायचा. आठवड्यातलं सगळ्यात आवडतं काम होतं ते त्याचं. पण गेल्या रविवारी माप घेताना तिने एक हात खाली करून त्याच्या खांद्यावर ठेवला होता. लाडाने ठेवला असं त्याला तेव्हा वाटलं. आता कोटाचा दोरा ओढता ओढता त्याला तो हात पुन्हा खांद्यावर जाणवला, आणि तो गार होता. लाडाने ठेवलेल्या हातात इतका भार नसतो.

उगीच काहीतरी, तो स्वतःशी म्हणाला. मन चिंती ते वैरी न चिंती. बाईंचं दुखणं बाईंपाशी, आपली पोर आपल्यापाशी. आपली तर बरी झालीय. किती आजारी होती तेव्हा. सकाळी उठली की बोटं वळायची नाहीत, गुडघे सुजून टरटरीत, पलंगावरून पाय खाली सोडायचा तर आधी रडून घ्यायची. तिच्या सगळ्या फ्रॉकांची बटणं काढून त्याने टिचबटणं लावली होती, तीसुद्धा तिला दाबता यायची नाहीत. सांध्यांचा आजार, लहान मुलांनाही होतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तो वेड्यासारखा म्हणाला होता, "पण सांध्यांचं तर म्हाताऱ्यांना होतं ना?" मग गोळी सुरू झाली. स्टिरॉईडची, छोटी, पांढरी, कडू. आठवडा झाला नसेल, संध्याकाळी तो दुकान बंद करून इमारतीत शिरला आणि वरून धडधड पावलं आली. कोणाचं तरी कार्टं जिना तोडतंय म्हणून त्याने मान वर केली, तर ती होती. जिना उतरत होती, कठडा न धरता. तो तिथेच पायरीवर बसला आणि रडला. देवाला कधी जोडले नव्हते तसे हात त्याने त्या गोळीला मनातल्या मनात जोडले होते.

मग ती वाढायला लागली. उंचीने नाही. आधी गाल आले, मग हनुवटी गेली, मग मानेमागे मांसाचा एक उंचवटा आला. गालांवर बारीक लव आली. भूक अशी लागायची की पावाची लादी लपवून ठेवावी लागे, आणि लपवलेली सापडली की ती खाताना रडायची. शिंप्याचं पोर असल्याचा एक फायदा होता. तिला कपडे कधी घट्ट झाले नाहीत. ती शाळेत गेली की तो शिवणी उसवून आतलं कापड सोडायचा, इस्त्री करून जागेवर ठेवून द्यायचा. एकदा तिने त्याला ते करताना पकडलं, तेव्हा त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कापड आटलंय गं जरा." तिने ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती लाँड्रीत गेली आणि काउंटरपाशी टाचा उंचावून म्हणाली, "काका, माझे कपडे तुम्ही धुऊ नका." तिचे कपडे घरीच धुतले जात. लाँड्रीवाला त्या दिवशी दारात आला तो विनोद न करता. "पोरीला काय सांगून ठेवलंयस?" एवढंच त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता परत गेला. पुढे काही महिन्यांनी तिनेच एकदा स्कर्टची खालची दुमड हातात धरून विचारलं, "बाबा, कापड आटतं, तर मग लांबीला का नाही आटत?" दुमड एवढ्या दिवसांत एकदाही उलगडावी लागली नव्हती. घेर वाढत होता आणि लांबी जिथल्या तिथे होती, आणि हे त्याच्याइतकं नेमकं जगात कोणाला माहीत नव्हतं. त्याने तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे बोलता येत नाही असं दाखवता आलं. त्या दिवसापासून त्याने ते वाक्य घरात उच्चारलं नाही. नुसता गप्प राहून स्टुलावर तिची मापं घेत आणि कपडे मोठे करत राहिला.

कोटाची एक बाजू उसवून झाली. बाहेर दुपारचं ऊन काचेवर आलं होतं, आरशातून परत फिरून छतावर पडलं होतं. लाँड्रीच्या वाफेचा फुस्स आवाज भिंतीपलीकडून येत होता. त्याला डॉक्टरीणबाईंची खोली आठवली, गोळी हळूहळू कमी करायची ठरलं तो दिवस. बाई समजावून सांगत होत्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, टोप्या घातल्यासारख्या. शरीराला रोज लागणारा एक रस त्या बनवतात. ताप आला, लागलं, खरचटलं की जास्त बनवतात, म्हणून माणूस तगतो. तोच आपण दोन वर्षं बाहेरून देतोय. त्या ग्रंथींनी काम टाकलंय. "म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या," तो म्हणाला होता, आणि बाई हसल्या होत्या. आपल्या बोलण्याला डॉक्टर हसल्या याचं त्याला इतकं बरं वाटलं की पुढचं त्याने अर्धंच ऐकलं. बाईंच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीची शिवण सुटली होती, तो तिकडे बघत होता. बायको ऐकत होती, मध्येमध्ये विचारत होती. गोळी एकदम तोडायची नाही. पूर्ण बंद झाली तरी त्या ग्रंथी लगेच जाग्या होतील असं नाही, महिने लागतात, कधी वर्ष. तोवर साधा ताप, उलट्या, फार थकवा, चक्कर, काहीही झालं तरी घरी वाट बघायची नाही. हे त्याला आत्ता शब्दन् शब्द आठवत होतं. ऐकलं नव्हतं असं वाटत होतं, पण कान आपलं काम करून बसले होते.

थकवा. तो थांबला. ती आता जिना चढताना मधल्या वळणावर बसते. "पाय दुखतात का गं?" त्याने घाबरून विचारलं होतं, कारण त्याची भीती अजून गुडघ्यांतच अडकलेली होती. "नाही, पाय मस्त आहेत. नुसतं बसावंसं वाटतं." पाय मस्त आहेत हे ऐकून तो निर्धास्त झाला होता. ताटातला अर्धा पाव ती परत ठेवते. पूर्वी ज्या पोरीपासून पाव लपवावा लागे तिने पाव परत ठेवला, तेव्हा नवरा-बायकोने एकमेकांकडे बघून डोळ्यांनीच आनंद साजरा केला होता. शाळेतून आली की दप्तर पाठीवर असतानाच झोपते. वाढीचं वय, तो म्हणाला होता. बायकोही म्हणाली होती. त्याने खडू उचलला, खाली ठेवला. बायकोला फोन करावा का? ती एका मोठ्या हॉटेलात चादरी-पडद्यांच्या खात्यात होती, फोन साहेबाच्या खोलीतून जायचा, आणि एवढं करून तो तिला सांगणार काय, की एक गिऱ्हाईक आजारी आहे म्हणून मला आपल्या पोरीची भीती वाटतेय? ती म्हणेल, तुम्हाला सुखाचा घास गोड लागत नाही. खरंच होतं ते. गोळी बंद झाली, पोर हलकी झाली, गालांतून जुना चेहरा वर येत होता, तीच जिवणी, तीच लहानशी टोकदार हनुवटी; तो रोज सकाळी दात घासताना तिच्याकडे चोरून बघायचा आणि त्याला गेलेली मुलगी परत मिळाल्यासारखं वाटायचं. हे सुख त्याला हवं होतं. ते कोणी हिरावून घ्यावं, स्वतःच्याच डोक्याने हिरावून घ्यावं, हे त्याला मान्य नव्हतं. संध्याकाळी बघू, त्याने ठरवलं, आणि मशिनीत दोरा ओवला.

कोटावर टीप घालत असतानाच फोन वाजला, आणि तो कापडाखाली दबला होता म्हणून सापडायला वेळ लागला. शाळेतून होता. तुमची मुलगी जिन्यात बसलीय, उठत नाही. सकाळपासून अंग थोडं गरम होतं म्हणे, दोनदा उलटी झाली, आता थंड पडलीय आणि नीट बोलत नाही. येता का? तो दुकान उघडं टाकून धावला. मागून लाँड्रीवाल्याने काहीतरी विचारलं. त्याने हात केला, त्याचा अर्थ त्यालाही माहीत नव्हता.

शाळेच्या जिन्यात तिच्या वर्गाच्या बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. स्कर्ट कमरेवर फिरून बाजूचं बटण पुढे आलं होतं. रविवारी बेतून घेतलेला स्कर्ट आता पुन्हा सैल होता, आणि तिला उचलताना त्याच्या हातांना जे कळलं ते टेपला कधी कळलं नव्हतं. टॅक्सीत तो तिच्याशी बोलत राहिला, काहीबाही, घरी गेल्यावर काय करू, कुठे जाऊ. तिने एकदा डोळे उघडून "हो" म्हटलं. ते त्याला हो म्हणायचं म्हणून म्हटलेलं होतं.

हॉस्पिटलच्या तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता. नर्सने दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला. बोटाला सुई टोचून साखर बघितली. "कुठली औषधं चालू आहेत हिला?" डॉक्टरने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. "सगळी बंद झालीत." आणि पोर अशी समोर पडलेली असतानाही हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता, तो त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. ऐकला आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. डॉक्टर सलाइनची बाटली बघत होता, पुढचा प्रश्न विचारायच्या बेतात होता. "स्टिरॉईड होतं," तो घाईने म्हणाला, "दोन वर्षं होतं. सांध्यांसाठी. मागेच बंद झालं. तेव्हापासून कमी होतेय ती. सारखी कमी होतेय. मी मापं घेतलीत." डॉक्टरने झटकन मान वर केली. त्याने नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं, आणि ती चालत नाही, पळत गेली. पळणारी नर्स बघून तो भिंतीला टेकला.

बायको आली तेव्हा इंजेक्शन देऊन बराच वेळ झाला होता आणि पोरीच्या ओठांवर थोडा रंग आला होता. तिने आधी मुलीच्या पायांना हात लावून बघितला. डॉक्टरीणबाईही येऊन गेल्या. त्या ग्रंथी अजून झोपेतच आहेत, त्या म्हणाल्या, आणि वर हा ताप. काही तास उशीर झाला असता तर, असं म्हणून त्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं. गोळी पुन्हा सुरू करावी लागेल, ह्या वेळी थोडी, शरीराला लागते तेवढीच. पुन्हा कधी असं झालं तर इंजेक्शन कसं द्यायचं ते तुम्ही दोघं शिकून घ्या. "पण बाई, कमी होतेय हे आम्हाला दिसत होतं," तो म्हणाला. "गोळी उतरली की वजन उतरतंच हो," बाई म्हणाल्या, "त्यात चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं ते नुसतं बघून कळत नाही. थकवा, उलट्या, असलं काही तिने सांगितलं असतं तर कळलं असतं. मुलं सांगतात सहसा." बाई गेल्यावर बायको बाकावर त्याच्या शेजारी बसली. बराच वेळ ती हातातल्या रुमालाची घडी घालत आणि मोडत होती. "रविवारी तुम्ही बोलावलंत तेव्हा," ती म्हणाली, "तिचा चेहरा पांढरा दिसला होता मला. मी म्हटलं, गोरी दिसतेय." त्याने तिचा हात धरायला हवा होता. पण त्याला आत्ता कोणी क्षमा करू नये आणि कोणाला क्षमा करायला लागू नये असं वाटत होतं. मग ती औषधं आणायला खाली गेली.

मुलगी जागी झाली तेव्हा खिडकीबाहेर अजून उजेड होता. तिने खोली बघितली, हाताला लावलेली नळी बघितली, त्याला बघितलं. "शाळा सुटली?" तिने विचारलं. "सुटली." तिने पाणी मागितलं, दोन घोट प्यायली. तो खुर्ची ओढून जवळ बसला. विचारू नये असं त्याला कळत होतं, पण त्याला राहवलं नाही. "असं कधीपासून होत होतं गं तुला?"

"बरेच दिवस," ती म्हणाली. "डबा खाल्ला की उलटी यायची. म्हणून मग मी डबा देऊनच टाकायचे. आणि उभं राहिलं की सगळं काळं दिसायचं थोडा वेळ. मग परत दिसायला लागायचं."

"स्टुलावर पण?"

"हो. म्हणून तर तुला धरलं ना मी."

"अगं मग सांगायचं नाहीस का मला?"

तिने विचार केला. वर्गात प्रश्न विचारल्यावर खरं उत्तर आठवायचा प्रयत्न करावा तसा प्रामाणिकपणे केला. "सांगणार होते," ती म्हणाली. "पण तू किती मोठ्याने सांगायचास आईला. आई पण हसत यायची. आधी तू माप घेताना काहीच बोलायचा नाहीस." ती थांबली, नळीचा हात जरा सरळ केला. "मला बरं वाटत नव्हतं, बाबा. पण तुम्हाला वाटत होतं ना."

त्याने मान खाली घातली. पलंगाच्या पांढऱ्या चादरीची किनार त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि ती त्याला नीट दिसत नव्हती. काहीतरी बोलायला हवं होतं. की तू जाड झालीस, बारीक झालीस, वाटेल ती झालीस तरी, वगैरे. आणि हे सगळं दोन वर्षं ती स्टुलावर उभी असताना बोलायचं होतं, आता तिला ते कोणत्या तोंडाने सांगायचं. त्याच्या घशातून एक आवाज निघाला. तो ऐकून ती कोपरावर रेलून थोडी उठली. नळी नसलेला हात तिने त्याच्या केसांवर ठेवला. हात आता गरम होता.

"रडू नको ना," ती म्हणाली. "गोळी परत घ्यायची तर घेईन मी. मला चालेल. जाडी झाले तरी चालेल."

त्याने वर पाहिलं. ती टक लावून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आपण बरोबर बोललो का ते त्यावरून ओळखायला. आता तो चेहरा कसा ठेवावा, हे त्याला कळेना.